भोपाळसाठी उद्याची मोटार

भविष्यातली मोटार म्हटली की डोळ्यांपुढे उडणारी गाडी येते. १९८२ च्या 'ब्लेड रनर' चित्रपटात तशी होती. सिड मीड यांनी ती रेखाटली. आम्हांला मात्र भोपाळच्या गल्लीबोळांत चालणारी मोटार हवी, आणि पंखांआधी तिला नाक हवे!

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. हा वायू हवेच्या जवळजवळ दुप्पट जड, म्हणून जमिनीलगत पसरला. लोक धावले, धावताना श्वास वाढला आणि विष जास्तच आत गेले. वारा कुठला, हे अंधारात कोणाला कळणार?

म्हणून आमच्या मोटारीच्या टपावर वारादर्शक आणि खाली चाकांजवळ वायू ओळखणारा सेन्सर असेल. विष जाणवताच बाहेरची हवा आत येणे थांबेल आणि पडद्यावर वाऱ्याला आडवी जाणारी वाट दिसेल.

पण आतले चौघेच वाचून कसे चालेल? गल्लीतली बाकीची माणसे तर पायीच असणार. त्या रात्री वस्तीला सावध करणारा कारखान्याचा भोंगा थोडाच वेळ वाजवून बंद केला गेला होता. आमच्या मोटारीलाही भोंगा असेल, पण तो बंद करायचे बटण चालकाजवळ नसेल.