एक मीटरची उंची आणि सत्तरीचे गुडघे : आजी-आजोबांसह थीम पार्कला जाताना

जुलैच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागते. लंडनच्या वायव्य टोकाला, जुबिली मार्गावरील अखेरचे स्थानक असलेल्या स्टॅनमोरमध्ये या सुमारास अनेक भारतीय घरांत आजी-आजोबा मुक्कामाला आलेले असतात. अभ्यागत व्हिसावर त्यांना एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहता येते. त्या सहा महिन्यांत सर्वांनी मिळून एकदा तरी थीम पार्कला जायचे, हा बेत बहुतेक मराठी घरांत ठरतोच.

हा बेत सहसा मुलांच्या हौसेभोवती आखला जातो आणि वडीलधाऱ्यांना ‘तुम्हीही चला’ म्हटले जाते. मग दुपारी तीनच्या सुमारास आजी बाकावर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसलेली असते, आजोबा गुडघा चोळत असतात आणि आई-वडील दोन वेगवेगळ्या रांगांमध्ये अडकलेले असतात. एकत्र वेळ घालवण्यासाठी काढलेल्या सहलीत घरची माणसे एकमेकांच्या वाट्याला तासभरही येत नाहीत. यात दोष उद्यानाचा नसतो, आखणीचा असतो.

दोन मोजमापे

अशा सहलीसाठी वयापेक्षा दोन मोजमापे अधिक उपयोगी पडतात. पहिले, मुलाची उंची. बहुतेक पाळण्यांना किमान उंचीची अट असते आणि प्रवेशापाशीच ती मोजली जाते. लहान मुलांच्या अनेक पाळण्यांना एक मीटरच्या आसपासची उंची पुरते, तर थॉर्प पार्कमधील ‘स्टेल्थ’सारख्या वेगवान रोलरकोस्टरला १.४ मीटर उंची लागते. घरून निघण्यापूर्वी मुलाची उंची भिंतीशी उभे करून मोजावी आणि उद्यानाच्या यादीशी ताडून पाहावी. तासभर रांगेत उभे राहून दोन सेंटिमीटरने परत फिरलेल्या मुलाची समजूत काढणे कोणालाच सोपे जात नाही.

दुसरे मोजमाप म्हणजे आजी-आजोबा न थांबता किती वेळ चालू शकतात आणि किती वेळ उभे राहू शकतात. हे थेट विचारले, तर उत्तर ठरलेले असते : ‘आमची काळजी करू नका.’ त्यामुळे सहलीच्या आठवडाभर आधी त्यांच्यासोबत स्टॅनमोरच्या बाजारापर्यंत किंवा जवळच्या बागेत फेरी मारावी. ते कोठे थांबतात, जिना चढताना कठड्याला हात लावतात का, हे पाहिले की खरे उत्तर मिळते.

ही दोन मोजमापे एकत्र ठेवली, की बेत पुढे का ढकलू नये हेही उमगते. मूल साधारण चौथ्या वर्षी एक मीटर उंचीचे होते आणि त्यानंतर वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते. म्हणजे एक मीटरपासून १.४ मीटरपर्यंतचा काळ सहा-सात वर्षांचा. पुढे त्याला मित्रांसोबत जायचे असते. आजी-आजोबा वर्षाआड आले, तरी या काळात त्यांच्या तीन-चार फेऱ्या होतात, आणि त्यांतील प्रत्येक फेरीला गुडघे पूर्वीइतकेच साथ देतील असे नाही.

कोणते उद्यान निवडावे

स्टॅनमोरहून सोयीची अशी तीन मोठी उद्याने आहेत. विंडसरचे लेगोलँड १९९६ मध्ये जुन्या सफारी पार्कच्या जागेवर सुरू झाले आणि ते प्रामुख्याने दोन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे. चेसिंग्टनमध्ये १९३१ पासून प्राणिसंग्रहालय आहे आणि १९८७ मध्ये त्याच्या जोडीला थीम पार्क उभे राहिले. चर्ट्सीजवळचे थॉर्प पार्क मात्र मुख्यतः वेगाची आवड असलेल्या मोठ्या मुलांचे.

पाच आणि नऊ वर्षांची दोन मुले व सत्तरीतले आजी-आजोबा असे कुटुंब धरले, तर थॉर्प पार्क बाद होते. तेथे धाकट्याला आणि ज्येष्ठांना करण्यासारखे फार थोडे उरते. चेसिंग्टनचा विशेष असा की प्राणी पाहणे ही सर्व वयांना एकत्र जमणारी गोष्ट आहे. लेगोलँडमध्ये ठोकळ्यांतून उभी केलेली चिमुकली शहरे आजोबाही नातवाइतक्याच कुतूहलाने पाहतात. मात्र ते टेकडीच्या उतारावर आहे. प्रवेशद्वार वर आणि बराचसा भाग खाली. सकाळी ताज्या पायांनी उतरणे सोपे असते, पण संध्याकाळी थकल्यावर चढ येतो. वर-खाली नेणारी छोटी रेल्वे त्या दिवशी चालू आहे का, हे आधी विचारून घ्यावे. चाकांची खुर्ची भाड्याने मिळत असल्यास तीही आधी नोंदवावी. ‘मला काय झाले आहे खुर्चीत बसायला?’ हा प्रश्न येणारच, तेव्हा ती फक्त परतीच्या चढासाठी आहे, असे सांगितले की मान राखला जातो आणि गुडघेही वाचतात.

ही तिन्ही उद्याने मर्लिन ही एकच कंपनी चालवते. वर्षात दोन-तीन भेटी होणार असतील, तर वार्षिक पासचा हिशेब जरूर करावा. स्वस्त पासांवर सुट्टीतील गर्दीचे काही दिवस वगळलेले असतात, ते तपासूनच पैसे भरावेत. एकाच दिवसाचे तिकीट असल्यास दारात घेण्यापेक्षा आधी संकेतस्थळावर घेतलेले स्वस्त पडते.

पॅरिसचा मोह

एवढे आलेच आहेत तर पॅरिसचे डिस्नेलँडही दाखवू, असा विचार अनेकांच्या मनात येतो. येथे पहिला प्रश्न व्हिसाचा. ब्रिटनचा अभ्यागत व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही. भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा वेगळा घ्यावा लागतो आणि तो सामान्यतः राहत्या देशातून मागायचा असतो. आजी-आजोबांनी तो भारतातून निघण्यापूर्वीच काढलेला बरा. अनेक घरांत मुलांचे पारपत्र ब्रिटिश आणि आई-वडिलांचे भारतीय असते. अशा वेळी एकाच सहलीसाठी तीन तऱ्हेची कागदपत्रे लागतात. शिवाय लंडनहून थेट डिस्नेलँडला जाणारी युरोस्टार २०२३ मध्ये बंद झाली. आता लील किंवा पॅरिस येथे गाडी बदलावी लागते. सामान, मुले आणि ज्येष्ठ घेऊन फलाट बदलणे हे त्या दिवसाचे सर्वांत मोठे काम ठरू शकते.

शाळेचे दिवस

गर्दी आणि दर टाळण्यासाठी शाळा बुडवण्याची कल्पना महाग पडू शकते. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२४ पासून विनापरवाना गैरहजेरीचा दंड २१ दिवसांत भरल्यास ८० पौंड आणि त्यानंतर २८ दिवसांपर्यंत १६० पौंड आहे. तो प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला आकारला जातो. दोन मुले आणि दोन पालक असतील, तर लवकर भरूनही ३२० पौंड होतात. दहा आठवड्यांत पाच दिवसांइतकी गैरहजेरी झाली, की शाळेला दंडाचा विचार करावाच लागतो.

याहून चांगला मार्ग शाळेच्या दिनदर्शिकेतच असतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी प्रत्येक शाळा वर्षातून काही दिवस बंद राहते आणि हे दिवस शाळेगणिक वेगळे असतात. त्या दिवशी इतरांच्या शाळा चालू असतात, म्हणून रांगा लहान. आजी-आजोबांचे विमान ठरवतानाच हे दिवस पाहून घ्यावेत. ते जमले नाही, तर सुट्टीतला शनिवार-रविवार टाळून मधला वार निवडावा.

जाण्याची सोय

स्टॅनमोरहून विंडसर मोटारीने साधारण तासाभराचे अंतर आहे. पण सहा माणसे पाच आसनांच्या गाडीत मावत नाहीत, आणि बारा वर्षांखालील आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला कायद्याने वेगळे आसन लागते. सात आसनी गाडी भाड्याने घेतल्यास मागच्या अरुंद रांगेत मुलांना बसवावे, आजोबांना नव्हे. रेल्वेने जायचे तर जुबिली मार्गाने बाँड स्ट्रीट, तेथून एलिझाबेथ मार्गाने स्लाव आणि पुढे विंडसरची छोटी गाडी, असा प्रवास होतो. हा मार्ग सुखाचा असला, तरी परतताना दमलेल्या पायांनी तीन वेळा चढउतर करावी लागते.

दिवसाची घडी

एकत्र जाणे म्हणजे प्रत्येक रांगेत एकत्र उभे राहणे नव्हे. दिवसाचे तीन भाग करावेत. सकाळी उद्यान उघडताच मुलांसोबत एक पालक मोठ्या रांगांचे पाळणे आटोपतो आणि दुसरा आजी-आजोबांसोबत सावकाश फिरतो. बाराच्या सुमारास ठरलेल्या जागी सर्व भेटतात आणि त्यानंतरचे दोन-अडीच तास केवळ सर्वांना जमेल असेच पाहायचे : प्राणी, चिमुकली शहरे, बोटीची फेरी, खेळ-नाट्य. दुपारनंतर ज्येष्ठांना बाकावर नव्हे, तर छताखाली चहाच्या जागी विसावा द्यावा. अनेक मोठ्या उद्यानांत लहान मुलाजवळ एका पालकाने थांबायचे आणि मग पुन्हा रांग न लावता जागा बदलायची, अशी सोय असते. ती दारातच विचारून घ्यावी.

जेवणाचे नियोजन तितकेच महत्त्वाचे. विंडसरला घरचा डबा नेता येतो. उन्हाळी सुट्टी आणि श्रावण बहुधा एकमेकांना भिडतात. त्या दिवशी कोणाचा उपवास आहे का, हे तारीख ठरवतानाच विचारावे. साबुदाण्याच्या खिचडीचा डबा सोबत असला, की उद्यानातल्या खाद्यगृहात उपासाचे काही शोधत फिरावे लागत नाही.

इंग्लंडचा उन्हाळा वडीलधाऱ्यांना थंड वाटतो. स्वेटर आणि पावसाळी अंगरखा हवाच. औषधे दिवसाच्या वेळांप्रमाणे हाताशी ठेवावीत. आजी-आजोबांच्या हाती चालू स्थानिक सिमचा फोन द्यावा आणि भेटण्याची जागा कागदावर मराठीत लिहून द्यावी.

विम्याचा विचार भारतातच करावा. अभ्यागतांना ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागातील उपचार विनाशुल्क मिळतात, पण दाखल करावे लागले की खर्च आकारला जातो, आणि तो ठरलेल्या दराच्या दीडपट असतो.

गोराईची लाँच

आज चाळिशीत असलेल्या मुंबईकर पालकांपैकी अनेकांनी बालपणी एस्सेलवर्ल्ड पाहिले आहे. ते १९८९ मध्ये गोराईला सुरू झाले. बोरिवलीहून जेट्टी गाठायची आणि लाँचने खाडी ओलांडायची, असा तो प्रवास होता. तेव्हा मुलांचा हात धरून रांगेत उभे राहणारे आई-वडील म्हणजेच आज स्टॅनमोरमध्ये पाहुणे आलेले आजी-आजोबा. तो दिवस त्यांनी मुलांच्या वेगाने काढला होता.

आता वेग ठरवण्याची पाळी त्या मुलांची आहे. पाच पाळणे कमी झाले तरी चालतील, पण दुपारचे ते दोन-अडीच तास कमी होऊ देऊ नयेत. म्हणून पुढच्या वेळी भारतात फोन करून ‘कधी येताय?’ असे विचारताना शाळेची दिनदर्शिका समोर असावी, आणि मुलाची उंची त्याच दिवशी भिंतीवर मोजून ठेवावी.