झाडावरचे सारेच बांडगूळ नव्हे

धानाची रोवणी आटोपली की बांधावरच्या मोहाकडे, आंब्याकडे लक्ष जाते. फांदीवर काही परके हिरवे दिसले की आपण म्हणतो, 'बांडगूळ माजले!' आणि कुऱ्हाड उचलतो. पण शेतकरी बंधू-भगिनींनो, घाव घालण्यापूर्वी नीट पाहा. झाडावर राहणारे दोन जातींचे असतात. एक चोर आणि दुसरा नुसता बिऱ्हाडकरू.

बांडगूळ हा चोर. त्याचे मूळ फांदीच्या सालीतून आत लाकडात घुसते आणि झाडाचे पाणी व क्षार ओढून घेते. जोडाच्या जागी फांदी गाठीसारखी सुजते आणि पुढचा भाग हळूहळू वाळतो. बांडगुळाची पाने जाड, फुले नळीसारखी आणि फळे चिकट गराची असतात. पाखरे ती फळे खातात व चिकट बी दुसऱ्या फांदीवर लावतात.

बिऱ्हाडकरू म्हणजे बाशिंग नावाचा नेचा. वैद्यमंडळी त्यालाच अश्वकातरी म्हणतात. शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया. महाबळेश्वर, आंबोलीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि ढग झाडांत उतरतात. तिथे असे नेचे खोडाखोडांवर दिसतात. चंद्रपूर-गडचिरोलीचे रान त्या मानाने कोरडे. इथे असा नेचा शोधायचा तर नाल्याकाठच्या, सावलीतल्या जुन्या झाडांवर नजर टाकावी.

त्याची ओळख अशी. बोटाएवढे जाड, तपकिरी खवल्यांनी मढलेले खोड सालीला धरून सरपटते. त्यावर पाने दोन तऱ्हेची असतात. वीतभर लांबीची, बिनदेठाची, वाळक्या रंगाची पाने खोडाशी टोपलीसारखी उभी राहतात. दुसरी हिरवी, खोल कातरलेली, देठाची पाने दोन हातांपर्यंत वाढतात. हिरवे पान उलटून पाहा. शिरांच्या मध्ये बारीक तपकिरी ठिपके ओळीने दिसतील. त्यांत बीजाणू असतात. नेच्याला फूल नाही, फळ नाही.

वाळकी पाने झडत नाहीत, म्हणून कोणी झाड रोगट झाले असे समजतात. खरे तर ती नेच्याची टोपली आहे. तिच्यात पालापाचोळा साचतो, कुजतो, ओल धरतो आणि त्यावर नेचा जगतो. त्याची मुळे सालीला फक्त बिलगतात, लाकडात शिरत नाहीत.

मोहावर लांब जाड पट्ट्यांसारख्या पानांचे, जाड मुळे लोंबणारे रास्नाही दिसते. ते आमर जातीचे असून तेही बिऱ्हाडकरूच.

म्हणून एकच कसोटी ठेवा. जोड पाहा. गाठ सुजली असेल आणि झाडाच्या लाकडातच रोपटे रुजले असेल, तर ते बांडगूळ. फळे पिकण्याआधी, गाठीपासून खोडाच्या बाजूला हातभर अंतर सोडून ती फांदी कापा. मुळे सालीवरच असतील, तर कुऱ्हाड खाली ठेवा. त्या घावाने मोहाची साल जखमी होते, आणि हाती येते काहीच नाही.

आलापल्लीजवळचे 'वनवैभव' १९५३ पासून राखून ठेवले आहे. २०१४ साली ते जैवविविधता वारसा स्थळ झाले. जुने झाड राखले की त्याच्या आश्रयाचे जीवही राहतात. आपल्या बांधावरचा म्हातारा मोह हेही एक लहानसे वनवैभवच आहे. या पावसाळ्यात घरातल्या मुलांना त्याच्याखाली नेऊन चोर कोण आणि बिऱ्हाडकरू कोण, हे ओळखायला लावा.