टपाल आपल्याच घरी

आमच्या काकांनी कुलवृत्तांतासाठी पंधरा वर्षं बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, सांगली इथल्या भाऊबंदांशी पत्रव्यवहार केला, तो सगळा ई-मेलवर. काका गेले. पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. दोन वर्षं खातं वापरात नाही म्हणून फुकट सेवा देणाऱ्या कंपनीने ते नियमाप्रमाणे पुसून टाकलं. दोन शाखांची वंशावळ फक्त त्यातच होती.

तेव्हा मी ठरवलं, कुटुंबाचं टपाल यापुढे आपल्या घरात राहील. मंडळी विचारतात, "अहो, हे जमतं का?" जमतं, पण अर्धंच सोपं आहे.

सोपा अर्धा भाग म्हणजे टपाल घेणं. आडनावाचं डोमेन घेतलं, त्याचं वर्षाचं भाडं भरायचं. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक देवघराशेजारच्या फडताळात ठेवला. तो पाच वॉटच्या आसपास वीज खातो, म्हणजे महिन्याला साडेतीन-चार युनिट. त्यावर पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट हे दोन फुकट प्रोग्राम चालतात. पहिला पोस्टमन, दुसरा पेटी सांभाळणारा. डोमेनच्या नोंदीत 'एमएक्स' ही ओळ घालायची. आमचं टपाल कुठे टाकायचं ते जगाला तिथून कळतं. इंटरनेटवाल्याकडून स्थिर आयपी पत्ता मात्र पैसे देऊन घ्यावा लागला. घरगुती जोडणीत बहुधा एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, मग बाहेरचा पोस्टमन दारापर्यंत पोचतच नाही.

वीज गेली तर? सगळ्यांना हीच धास्ती. पण ई-मेलचे मूळ नियम १९८२ सालचे, आणि त्या काळी यंत्रं बंद पडणं रोजचंच होतं. समोरचा सर्व्हर मिळाला नाही तर पाठवणारा पत्र ठेवून घेतो आणि पुन्हा पुन्हा येऊन बघतो, साधारण चार-पाच दिवस. पावसाळ्यात आमच्याकडे एकदा दीड दिवस वीज नव्हती. आल्यावर सगळी पत्रं ओळीने आली.

कठीण आहे ते पाठवणं. पत्रं ज्या २५ क्रमांकाच्या दारातून जातात, ते दार घरगुती जोडणीवर कंपन्या बहुतेक वेळा बंदच ठेवतात. व्हायरस लागलेले घरचे संगणक त्यातूनच कचरा-मेल पाठवत. दार उघडून घेतलं तरी घरचा पत्ता म्हटला की मोठे सर्व्हर नाक मुरडतात. त्यांना तीन दाखले लागतात. 'एसपीएफ' म्हणजे आमच्या नावाने कोण पत्र टाकू शकतं त्याची यादी. 'डीकेआयएम' म्हणजे लाखेची मोहोर, वाटेत पत्रात बदल झाला तर ती जुळत नाही. 'डीमार्क' म्हणजे दाखला जुळला नाही तर काय करावं याची सूचना. २०२४पासून गूगल आणि याहू याबाबत आणखी कडक झाले आहेत.

माझं मत विचाराल तर पाठवण्याचा हट्ट धरू नये. टपाल घरी घ्यावं, साठवावं घरी, आणि बाहेर जाणारं एखाद्या पगारी रिले-सेवेमार्फत सोडावं. आम्ही तसंच करतो. शुद्धतावाद्यांना हे पटणार नाही, पण अमेरिकेतल्या भाचीला पत्र मिळणं महत्त्वाचं.

रोजची देखभाल फार नाही. यंत्र लावल्यापासून तासाभरात अनोळखी लोक पासवर्डचे अंदाज लावू लागतात. पाच-सहा चुकांनंतर त्यांना अडवणारा छोटा प्रोग्राम हवाच. सगळ्या पत्रांची एक प्रत रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर जाते, आणि दर महिन्याची एक प्रत बहिणीकडे इंदूरला. पासवर्ड पाकिटात बंद करून घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवलेत, आणि ते पाकीट कुठे आहे ते घरातल्या तिघांना माहीत आहे.

एक गंमत राहिली. पोस्टफिक्सला २०१५पासून देवनागरी पत्तेही कळतात. आईसाठी मी असा एक पत्ता तयार केला. बाहेरचे कित्येक सर्व्हर अजून तो घेत नाहीत, तरी घरातल्या घरात तो उत्तम चालतो. काल तिने मला वरच्या मजल्यावर मेल पाठवली: जेवायला ये.