इंजिनाचा कान

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, घाट चढताना गाडीत पाच माणसं असावीत, टपावर सामान असावं आणि चालकानं गिअर उतरवायचा कंटाळा करावा. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. ‘गाडी नॉक करतेय,’ असं जाणकार म्हणतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यात हा आवाज नेहमीचा. मिस्त्री डिस्ट्रिब्युटर हातानं किंचित फिरवायचे, रस्त्यावर एक चक्कर मारायचे आणि कानानंच टायमिंग जुळवायचे. आजच्या पेट्रोल गाडीत तो कान इंजिनालाच बसवलेला असतो. त्याचं नाव नॉक सेन्सर.

आधी नॉकिंग म्हणजे काय ते पाहू. पिस्टन वर पोचण्याच्या जरा आधी स्पार्क प्लगची ठिणगी पडते. तिथून ज्वाला वणव्यासारखी पसरत जाते. पण कोपऱ्यात उरलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण या वेळात दाबलं जातं, तापतं आणि कधी कधी ज्वाला पोचण्याआधीच आपोआप पेट घेतं. त्या धक्क्याच्या लहरी सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहतात. घंटेचा सूर जसा तिच्या आकारावर ठरतो, तसा हा सूर सिलिंडरच्या व्यासावर ठरतो. नेहमीच्या मोटारीत तो साधारण सेकंदाला सहा-सात हजार कंपनांचा असतो.

नुसता आवाज असता तर कुणी पर्वा केली नसती. जळणाऱ्या वायूचं तापमान २००० अंश सेल्सियसच्या वर जातं आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम ६६० अंशांच्याही आधीच वितळतं. तरी पिस्टन टिकतो, कारण धातूला लागून वायूचा एक पातळ, तुलनेनं थंड थर असतो. नॉकिंगच्या लहरी हा थरच उधळून लावतात. मग पिस्टनची कड झिजते, रिंगा तुटतात, कधी पिस्टनला भोकही पडतं. १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळून नॉकिंग दाबलं. तो उपाय विषारी निघाला. आपल्याकडच्या पेट्रोलमधून शिसं २००० साली हद्दपार झालं.

आता सेन्सर. काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज निर्माण होते, हे क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवलं. नॉक सेन्सरमध्ये तसाच गुण असलेली सिरॅमिकची चकती आणि तिच्यावर एक छोटं वजन असतं. तो बोल्टनं इंजिन ब्लॉकला घट्ट आवळलेला असतो. ब्लॉक थरथरला की वजन चकतीला दाबतं आणि वीज तारेतून गाडीच्या संगणकाकडे जाते. संगणक सतत कान देत नाही. ठिणगीनंतर पिस्टन खाली उतरू लागतो तेवढ्याच क्षणात ऐकतो. त्यामुळे कोणता सिलिंडर बोलला हेही त्याला कळतं. नॉकिंग ऐकू आलं की तो ठिणगी काही अंश उशिरा पाडतो आणि मग हळूहळू पूर्ववत करतो.

हा कान बहिरा झाला तर संगणक धोका पत्करत नाही. ठिणगी कायमच उशिरा पाडू लागतो. गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त पिते, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. स्कॅनर लावला की ‘पी०३२५’, ‘पी०३२७’ किंवा ‘पी०३२८’ असा क्रमांक येतो. इथंच घोटाळा होतो. हा क्रमांक सेन्सरच्या विजेच्या मार्गात दोष असल्याचं सांगतो; सेन्सरच गेला असं सांगत नाही. माझ्याच गाडीचा सेन्सर एका गॅरेजात बदलला गेला आणि चार दिवसांत दिवा पुन्हा लागला. उंदरानं वायर कुरतडली होती! काही इंजिनांत सेन्सर इनटेक मॅनिफोल्डखाली दडलेला असतो. तिथं सुट्या भागापेक्षा मजुरीच अंगावर येते.

म्हणून आधी वायर आणि कनेक्टर पाहावेत. पिनांवर हिरवट गंज, आत शिरलेलं तेल किंवा पाणी, हललेला बोल्ट यांतच बरेचदा दोष सापडतो. मग इंजिन बंद ठेवून कनेक्टर काढावा, मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर लावावा आणि सेन्सरजवळ ब्लॉकवर पान्यानं हलके टोले द्यावेत. सेन्सरवर मात्र मारू नये. प्रत्येक टोल्याला आकडा हलला तर कान जिवंत आहे. मीटरवर ‘कंटिन्युइटी’ दिसत नाही म्हणून सेन्सर फेकणारे फिटर मी पाहिले आहेत. या चकतीचा रोध मुळातच प्रचंड असतो. कंपनीच्या पुस्तकातला आकडा पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

कधी कान ठीक असतो, पण तो भलताच आवाज ऐकतो. सैल ब्रॅकेट किंवा वाजणारे टॅपेट त्याला नॉकिंगसारखे वाटतात आणि ठिणगी उगाच मागे जाते. कधी तो खरंच बोलत असतो: आत कार्बन साचलेला असतो, इंजिन जास्त तापत असतं किंवा प्लग चुकीचा बसवलेला असतो. अशा वेळी ‘पिकअप’ वाढावा म्हणून सेन्सरशी खटपट करणारे बहाद्दर आहेत. पिस्टन जाईपर्यंत त्यांची गाडी छान पळते.

आणि सेन्सर बदलावाच लागला, तर खालची जागा स्वच्छ पुसून घ्यावी आणि मध्ये वॉशर घालू नये. बोल्ट टॉर्क पान्यानंच आवळावा. अनेक सेन्सरना २० न्यूटन-मीटरच्या आसपास ताण लागतो, पण आपल्या गाडीचा आकडा पुस्तकात पाहावा. सैल किंवा फाजील घट्ट बसलेला नवा कोरा सेन्सरही नीट ऐकत नाही.