'दऱ्या' एक, फाइली तीन

सह्याद्रीत काढलेल्या फोटोंच्या फाइलला 'दऱ्या' असं नाव द्या. पडद्यावर शब्द एकच दिसेल, पण संगणकाच्या लेखी तो तीन तऱ्हांनी लिहिता येतो. कधी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं, कधी साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता, तर कधी 'र'चा पाय मोडून पुढे 'झिरो विड्थ जॉइनर' हे अदृश्य चिन्ह. कुठली तऱ्हा उमटणार, हे तुमच्या कीबोर्डवर ठरतं. यूटीएफ-८मध्ये यातलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे पहिलं नाव १५ बाइटचं, उरलेली दोन १८ बाइटची, आणि तीही एकमेकांहून वेगळी. लिनक्स सहसा फक्त बाइट ताडून पाहतं, त्यामुळे तिन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये सुखाने नांदतात. नाव वेगळ्या तऱ्हेने लिहिलं गेलं, की प्रोग्राम 'फाइल सापडली नाही' म्हणतो आणि ती डोळ्यांसमोर दिसत असलेला माणूस चक्रावतो.

यावर युनिकोडचा उपाय आहे नॉर्मलायझेशन: तुलनेआधी दोन्ही नावं एका ठरावीक रूपात आणायची. त्याने पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. तिसरी तशीच राहते, कारण जॉइनरला तिथे कुणी हात लावत नाही. तो सरसकट काढून टाकावा, तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. दरीचा थेट समुद्र! इथे मराठी जाणणाऱ्या प्रोग्रामरनेच वेगळा नियम लिहायला हवा.

इंग्रजी नावांतही सगळं आलबेल नसतं. युनिक्समध्ये नावात फक्त तिरपी रेघ आणि शून्य बाइट चालत नाही. मोकळी जागाच काय, नवी ओळसुद्धा चालते. आज्ञा चालवणारा शेल मात्र अवतरणचिन्हं नसतील तर मोकळ्या जागेवर नाव तोडतो. २००१ मध्ये आयट्यून्स २.०च्या इन्स्टॉलरमध्ये नेमकी ही चिन्हं राहून गेली आणि डिस्कच्या नावात मोकळी जागा असलेल्या काही मॅकवरचा डेटा पुसला गेला. म्हणून नाव आज्ञेच्या ओळीत चिकटवू नये, स्वतंत्र आर्ग्युमेंट म्हणून द्यावं.

'फाइलींना इंग्रजीच नावं द्या' हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. आपल्या भाषेत नाव देणं हा वापरणाऱ्याचा हक्क आहे. ते सांभाळणं प्रोग्रामरचं काम. चाचणीच्या फोल्डरमध्ये तिन्ही 'दऱ्या' ठेवाव्यात, उणे चिन्हाने सुरू होणारं, म्हणून आज्ञेला पर्याय वाटू शकणारं, एक नाव ठेवावं आणि एक लांबलचक मराठी नावही. लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. काना-मात्रा धरून देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हं त्यात बसतात.