कपाटाची किल्ली

केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावी उन्हाळी सुटी म्हणजे बहुधा शाळेच्या पुस्तककपाटाला कुलूप. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांची अनेक मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर फडावर जातात, उन्हाळ्याच्या तोंडी परततात. वाचावयास सवड मिळते तेव्हाच शाळा बंद! पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरील भिलार २०१७ साली ‘पुस्तकांचे गाव’ झाले, त्याचे आम्हांस कौतुकच आहे. परंतु ही मुले तेथे जाणार कधी? साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहावयास घेतलेली ‘श्यामची आई’ रात्रींत विभागलेली आहे. रोज एक रात्र वाचली तरी सुटी सरते. पुस्तके फाटतील, हरवतील, ही धास्ती आम्हीही मास्तरकीत बाळगली. फाटू द्यावीत. किल्ली सुटीपुरती गावातच राहणाऱ्या कोणाकडे तरी सोपवावी.