चषक कपाटात, तोटा ताळेबंदात
ई-स्पोर्ट्स संघांचे अर्थकारण का कोलमडते?

'फेझ क्लॅन' या अमेरिकी ई-स्पोर्ट्स संघाचे समभाग जुलै २०२२ मध्ये नॅसडॅक शेअर बाजारात दाखल झाले, तेव्हा त्याचे मूल्य ७२ कोटी ५० लाख डॉलर धरण्यात आले होते. कॉम्प्युटर आणि व्हिडिओ गेम खेळणाऱ्या तरुणांच्या एका चमूला एखाद्या बड्या उद्योगासारखी किंमत मिळाली, याचे तेव्हा मोठे अप्रूप वाटले होते. त्यानंतर अवघ्या पंधरा महिन्यांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, हाच संघ 'गेमस्क्वेअर' या कंपनीला विकण्याचा करार झाला, तो सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरना. तीही रोख रक्कम नव्हती, समभागांची अदलाबदल होती.

इंग्लंडमध्ये फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमच्या भागीदारीमुळे गाजलेल्या 'गिल्ड ई-स्पोर्ट्स'ची कहाणी याहून वेगळी नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये लंडन शेअर बाजारात उतरताना या कंपनीने २ कोटी पौंड उभे केले. २०२४ मध्ये तिचा व्यवसाय एका अमेरिकी कंपनीने विकत घेतला तो १ लाख पौंडांना.

अशी उदाहरणे एकामागोमाग घडू लागली की दोष एखाद्या व्यवस्थापनाचा राहत नाही. ज्या संघांचे सामने लाखो लोक पाहतात, ज्यांच्या खेळाडूंना चित्रपट कलावंतांसारखे चाहते लाभतात, त्या संघांचा संसार तोट्यात का चालावा, हा प्रश्न म्हणूनच तपासून पाहण्यासारखा आहे.

जमा थोडी, खर्च फार

ई-स्पोर्ट्समध्ये संघ म्हणजे एक कंपनी असते. ती निरनिराळ्या गेमसाठी स्वतंत्र तुकड्या बाळगते. काउंटर-स्ट्राइकची तुकडी वेगळी, लीग ऑफ लेजेंड्सची वेगळी, मोबाइलवरील गेमची आणखी वेगळी. एकाच क्लबने क्रिकेट, कबड्डी आणि हॉकीचे संघ एकाच वेळी पोसावेत, तसा हा प्रकार आहे. प्रत्येक तुकडीतील खेळाडूंचे मासिक वेतन, प्रशिक्षक, प्रतिस्पर्ध्यांच्या खेळाचा अभ्यास करणारे विश्लेषक, सरावासाठी भाड्याने घेतलेले निवासी घर, परदेशी स्पर्धांचे विमान-भाडे आणि व्हिसा असा खर्च बारा महिने सुरू राहतो. तुकडी पहिल्याच फेरीत गारद झाली म्हणून तो थांबत नाही.

जमेच्या बाजूला मात्र फारसे काही दिसत नाही. बक्षिसांच्या रकमा वृत्तपत्रांत मथळ्यावर झळकतात खऱ्या, पण त्यातील मोठा वाटा खेळाडूंकडे जातो. शिवाय त्या रकमेचा काही भरवसा नसतो. डोटा २ या गेमच्या 'द इंटरनॅशनल' या स्पर्धेत २०२१ साली एकूण ४ कोटी डॉलरची बक्षिसे होती. हा पैसा बहुतांशी खेळणाऱ्या सामान्य ग्राहकांच्या खरेदीतून जमत असे. 'व्हॉल्व्ह' या मालक कंपनीने त्या विक्रीची पद्धतच बदलली आणि २०२३ मध्ये हीच रक्कम सुमारे ३१ लाख डॉलरवर आली.

प्रेक्षक सामने पाहतो तो यूट्यूब किंवा ट्विचवर, आणि तेही फुकट. तिकीट नाही, वर्गणी नाही. संघाच्या नावाच्या टी-शर्टची विक्री होते, परंतु त्यातून पगार निघत नाहीत. उरतो तो प्रायोजक. अनेक संघांच्या उत्पन्नाचा हाच मुख्य आधार आहे आणि मंदीची चाहूल लागताच कंपन्या पहिली कात्री जाहिरात खर्चालाच लावतात.

खेळाचा मालक कोण?

खरी मेख याहून खोलवर आहे. क्रिकेट कोणाच्याही मालकीचे नाही. आयपीएल भारतीय क्रिकेट मंडळाची आहे, पण बॅट-बॉल घेऊन मैदानावर उतरण्यासाठी मंडळाची परवानगी लागत नाही. व्हिडिओ गेमचे तसे नाही. तो बनविणाऱ्या कंपनीची ती खासगी मालमत्ता असते. स्पर्धा कोणी भरवायची, प्रक्षेपण कोणी करायचे, संघाच्या गणवेशावर कोणाची जाहिरात चालेल, इतकेच काय, गेमचे नियम उद्या काय असतील, हे सारे तीच ठरविते. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या काळातील प्रक्षेपण हक्कांचे ४८ हजार ३९० कोटी रुपये मंडळाला मिळतात आणि त्यातील ठरलेला वाटा संघमालकांपर्यंत पोहोचतो. ई-स्पोर्ट्सच्या संघमालकाकडे विकायला असा हक्कच नाही. दुसऱ्याच्या जागेत दुकान थाटलेल्या भाडेकरूसारखी त्याची अवस्था असते.

या अवस्थेचा पुरेपूर अनुभव 'ओव्हरवॉच लीग'ने दिला. अमेरिकेच्या 'ब्लिझार्ड' कंपनीने आपल्या ओव्हरवॉच या गेमची ही साखळी स्पर्धा जानेवारी २०१८ मध्ये सुरू केली, ती शहरांच्या नावाने संघ विकून. बॉस्टन, न्यूयॉर्क, लंडन, सोल, शांघाय अशा शहरांचे बारा संघ त्यात होते. एका संघाची किंमत दोन कोटी डॉलर असल्याची वृत्ते तेव्हा प्रसिद्ध झाली. घेणारेही साधेसुधे नव्हते. अमेरिकी फुटबॉलमधील न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाचे मालक रॉबर्ट क्राफ्ट यांनी बॉस्टनचा संघ घेतला. पहिल्या हंगामाची अंतिम लढत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील बार्कलेज सेंटरमध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी संघांची संख्या वीसवर गेली.

प्रत्येक संघाने आपल्या शहरात सामने भरवावेत आणि तिकिटांचे उत्पन्न मिळवावे, अशी मूळ कल्पना होती. ती २०२० मध्ये प्रत्यक्षात येऊ लागली, तोच करोनाची साथ आली आणि सभागृहे बंद झाली. २०२१ मध्ये मालक कंपनीवर महिला कर्मचाऱ्यांशी भेदभाव व छळ केल्याच्या आरोपावरून कॅलिफोर्निया राज्याने दावा गुदरला, तेव्हा प्रायोजकही मागे सरले. यात संघांचा काडीचाही दोष नव्हता. पुढे तर कंपनीने गेमची नवी आवृत्ती आणताना एका बाजूच्या खेळाडूंची संख्या सहावरून पाच केली! प्रत्येक संघात आघाडी सांभाळणारे दोन 'टँक' खेळाडू असत, ते एकावर आले. रीतसर करार करून घेतलेल्या खेळाडूची जागाच नियमपुस्तकातून नाहीशी व्हावी, असा प्रसंग मैदानी खेळाच्या संघमालकावर सहसा येत नाही. २०२३ मध्ये संघांपुढे मतदानाचा पर्याय ठेवण्यात आला. साखळी पुढे चालवायची नसेल, तर प्रत्येकाला ६० लाख डॉलर देऊन मोकळे करण्याची तयारी कंपनीने दाखविली. त्याच वर्षाच्या अखेरीस ही स्पर्धा इतिहासजमा झाली.

'टीएसएम' या अमेरिकेतील अग्रगण्य संघाचा अनुभव आणखी मासलेवाईक आहे. जून २०२१ मध्ये त्याने 'एफटीएक्स' या आभासी चलनाच्या बाजाराशी दहा वर्षांचा, २१ कोटी डॉलरचा नामकरण करार केला. मात्र लीग ऑफ लेजेंड्सची मालक असलेल्या 'रायट गेम्स'ने आपल्या स्पर्धेत हे नाव लावण्यास मनाई केली. गंमत अशी, की दोनच महिन्यांत याच रायटने आपल्या स्पर्धेसाठी त्याच एफटीएक्सशी करार केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्सचे दिवाळे वाजले आणि टीएसएमचा करार बारगळला. उत्तर अमेरिकेच्या साखळीत सात विजेतेपदे पटकावणाऱ्या या संघाने २०२३ मध्ये तेथील आपली जागा विकून टाकली. 'फोर्ब्स'ने २०२२ च्या यादीत जगातील सर्वांत मूल्यवान ई-स्पोर्ट्स कंपनी म्हणून नोंदविले होते, ते याच संघाला.

संघमालक केवळ बळी ठरले, असे मात्र म्हणता येणार नाही. स्वस्त भांडवलाच्या काळात त्यांनी खेळाडूंच्या वेतनाची जी चढाओढ लावली, ती उत्पन्नाशी कोणताही मेळ नसलेली होती. आज तोटा झाला तरी उद्या संघाची किंमत वाढेल, या आशेवर तो खर्च चालला. दक्षिण कोरियात ई-स्पोर्ट्सला इतरत्र दुर्मीळ अशी प्रतिष्ठा आहे. तेथील लीग ऑफ लेजेंड्सच्या दहा संघांनीही जानेवारी २०२४ मध्ये एकत्र निवेदन काढून तीन वर्षांत एकूण १० हजार कोटी वॉनहून अधिक तोटा झाल्याचे सांगितले आणि उत्पन्नाच्या वाटपाबाबत तक्रार केली. वेतनावर मर्यादा घालणारे नियम तेथे त्यानंतर लागू झाले. 'फेकर' या विख्यात खेळाडूचा टी-वन संघ २०२३ मध्ये जगज्जेता ठरला, पण त्या वर्षाचा त्याचा ताळेबंदही तोट्याचाच होता.

एका रात्रीत खेळ गायब

भारतात ही अनिश्चितता सरकारी निर्णयाच्या रूपानेही येते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. 'फनॅटिक' या युरोपीय संघाने २०१९ मध्ये याच गेमसाठी भारतीय तुकडी उभी केली होती. बंदीनंतर त्याने भारतातून काढता पाय घेतला. जुलै २०२१ मध्ये हाच गेम 'बीजीएमआय' या नावाने परतला. त्याच्या पहिल्या मोठ्या स्पर्धेत एक कोटी रुपयांची बक्षिसे जाहीर झाली आणि संघांनी पुन्हा मुलांशी करार केले. २८ जुलै २०२२ रोजी तोही गेम मोबाइल दुकानांतून काढण्यात आला आणि मे २०२३ च्या अखेरीपर्यंत तो परतला नाही. या दहा महिन्यांत घरभाडे व पगार यांचे काय करायचे, हा प्रश्न संघचालकांपुढे होता. एकाच गेमवर उभ्या असलेल्या संघांपाशी त्याचे उत्तर नव्हते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. त्याच कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आणली. साहजिकच प्रतिष्ठा लाभली, पण प्रायोजकांचा एक सधन वर्ग हातचा गेला.

मुंबईतील दोन संघांनी यातून दोन वेगळ्या वाटा शोधल्या आहेत. 'ग्लोबल ई-स्पोर्ट्स'ला रायटने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हॅलोरंट या गेमच्या पॅसिफिक साखळीत भागीदार म्हणून निवडले. तेथे प्रवेशशुल्क नाही. उलट रायटकडून वार्षिक मानधन आणि गेममधील संघाच्या नावाच्या वस्तूंच्या विक्रीत वाटा मिळतो. अर्थात जागा देणारा मालक येथेही रायटच आहे. सामने सोलमध्ये होतात आणि संघात भारतीय खेळाडू मोजकेच दिसतात. 'एस८यूएल'ने दुसरी वाट धरली. खेळाइतकाच किंवा त्याहून अधिक भर त्याने यूट्यूबवरील लोकप्रिय चेहऱ्यांवर दिला. प्रायोजकाला विजयापेक्षा प्रेक्षकसंख्या महत्त्वाची असते, हे गणित त्यामागे आहे. सामना हरला तरी चित्रफीत पाहिली जाते. फेझ क्लॅनची भिस्तही अशाच चेहऱ्यांवर होती, हे मात्र विसरता येत नाही.

अलीकडे या क्षेत्रातील पोकळी भरून काढली आहे ती सौदी अरेबियाच्या सरकारी पैशाने. रियाधमध्ये २०२४ मध्ये झालेल्या 'ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कप'ची एकूण बक्षिसे ६ कोटी डॉलरहून अधिक होती. २०२५ मध्ये ती ७ कोटींच्या पुढे गेली. संयोजकांनी संघांना थेट अर्थसाहाय्यही सुरू केले. २०२५ मध्ये त्यासाठी निवडलेल्या चाळीस संघांत एस८यूएलचा समावेश होता. ऑलिम्पिक समितीने याच देशाशी जुलै २०२४ मध्ये ई-स्पोर्ट्स ऑलिम्पिकसाठी बारा वर्षांची भागीदारी जाहीर केली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये, एकही स्पर्धा होण्यापूर्वीच, दोन्ही बाजूंनी ती संपुष्टात आणली.